लेकराच्या खोकल्यात रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नका

मोडनिंबच्या एका वस्तीतली ही हकिगत आहे. मुलीचे नाव आणि गल्ली आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण तिला याच गावात मोठे व्हायचे आहे.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. दोन महिने खोकला होता. संध्याकाळी अंग कोमट व्हायचे, जेवण कमी झाले होते, शाळेचा ड्रेस अंगावर लोंबू लागला होता. आईबाप ऊसतोडीला बाहेर गेलेले, घरात आजी आणि धाकटा भाऊ. एका डॉक्टरकडून खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या झाल्या. चौथी बाटली आणायच्या आधी आशाताईंनी थुंकी तपासायला नेली आणि टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. महिनाभरात ताप गेला, पोरगी भाकरी मागून खाऊ लागली.

मग दोन गोष्टी घडल्या. मुलीची लघवी लाल-नारिंगी झाली आणि आजी घाबरली. गोळ्यांनी उष्णता वाढली, आतून रक्त चालले, असे तिला वाटले. त्यातच सोयरिकीतले पाहुणे यायचे होते. घरात टीबीच्या गोळ्या दिसल्या तर उद्या पोरीला कोण करून घेईल, ही दुसरी भीती. गोळ्यांचे पाकीट धान्याच्या डब्यात गेले आणि तीन आठवडे तिथेच राहिले.

त्यानंतर एके दिवशी खोकल्याबरोबर चमचाभर लाल रक्त पडले. आजीने सब्जाचे पाणी दिले. दुसऱ्या दिवशी थोडेसेच पडले, म्हणून सगळे निर्धास्त झाले. तिसऱ्या रात्री पोरीला खोकल्याची उबळ आली आणि पितळी तांब्या निम्मा भरला. शेजारचा मुलगा धावत आमच्याकडे आला, "सिस्टर, चला लवकर, ताईच्या तोंडातून रगत चाललंय."

आम्ही १०८ ला फोन लावला. मुलगी वाचली. पण चमचाभर रक्त पडले ते दोन दिवस आपण घालवले, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान या एकाच विषयावर आहे.

फुफ्फुसात नेमके काय होते?

टीबीचा जंतू फुफ्फुसात घर करतो तेव्हा काही जणांच्या फुफ्फुसात त्या जागेचे मांस कुजून पोकळी तयार होते. एक्स-रेवर ती काळ्या गोलासारखी दिसते. फुफ्फुस म्हणजे रक्तवाहिन्यांचे जाळे. पोकळी वाढत वाढत एखाद्या रक्तवाहिनीच्या अंगाला येऊन भिडते आणि त्या वाहिनीची भिंत आजाराने झिजू लागते.

सायकलचा टायर एका जागी झिजला की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तसेच इथे होते. झिजलेल्या जागी रक्तवाहिनीला फुगा येतो. फुगा आहे तोवर मुलाला काही कळत नाही, दुखतही नाही. तो थोडा पाझरला की थुंकीत रक्त दिसते. फुटला की रक्त थेट श्वासाच्या नळीत येते.

डेन्मार्कचे डॉक्टर रासमुसेन यांनी १८६८ साली या फुग्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर आजही त्याला 'रासमुसेन ॲन्युरिझम' म्हणतात. १९३९ साली अमेरिकेत, टीबीने दगावलेल्या अकराशेहून जास्त रुग्णांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात साधारण चौघांना असा फुगा सापडला होता. ते दिवस टीबीवर औषध नसण्याचे होते. आज वेळेवर औषध मिळते, म्हणून हा प्रकार आणखी दुर्मीळ झाला आहे. लहान मुलांत तर तो फारच क्वचित दिसतो, कारण लहान लेकरांच्या फुफ्फुसात सहसा पोकळी होत नाही. त्यांचा आजार जास्त करून छातीतल्या गाठींमध्ये असतो. मात्र दहा-बारा वर्षांच्या पुढे, वयात येणाऱ्या मुलामुलींना मोठ्या माणसांसारखा पोकळीचा टीबी होऊ शकतो. आमच्या मोडनिंबच्या मुलीचे वय तेच होते.

थुंकीत रक्त आले म्हणजे फुगाच असतो असे नाही. फुफ्फुसाला रक्त देणाऱ्या वाहिन्या दोन प्रकारच्या असतात. एक मोठी, हृदयाच्या उजव्या बाजूने येणारी. तिच्यातला दाब कमी असतो. दुसऱ्या बारीक, श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या. त्या शरीराच्या मुख्य धमनीतून निघतात आणि त्यांच्यात दाब जास्त असतो. जुन्या आजाराने या बारीक वाहिन्या जाड आणि वेड्यावाकड्या होतात. मोठ्या रक्तस्रावात बहुतेक वेळा रक्त याच वाहिन्यांतून येते. रासमुसेनचा फुगा मात्र पहिल्या प्रकारच्या वाहिनीला येतो.

मुलांमध्ये रक्तवाहिन्यांचे आणखी काही दुर्मीळ त्रास होतात. छातीतली टीबीची गाठ फार वाढली तर शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येतो, चेहरा आणि मान सुजते, गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसतात. टीबीमुळे रक्त गोठण्याचा कल वाढतो. मूल बरेच दिवस अंथरुणाला खिळले तर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. मग एकच पाय सुजतो, पोटरी दुखते. ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक धाप लागते. यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

थोडे रक्त म्हणजे इशारा

मोठ्या रक्तस्रावाच्या आधी पुष्कळदा थोडे रक्त पडते. एक दिवस पडते, दुसऱ्या दिवशी थांबते. घरच्यांना वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात फुग्यावर तात्पुरती खपली धरलेली असते.

मुलांचा धोका मोठ्यांपेक्षा वेगळा आहे. त्यांची श्वासनळी अरुंद असते. अंगातले रक्त संपण्याच्या कितीतरी आधी तेच रक्त नळीत साचून श्वास कोंडतो. म्हणून 'अर्धा कपच तर पडले' असा हिशेब लेकरांच्या बाबतीत करू नये.

दुसरी अडचण अशी की लहान मुले थुंकत नाहीत, गिळतात. त्यामुळे रक्त खोकल्यात न दिसता उलटीत दिसते, नाहीतर शौचाला काळे, डांबरासारखे होते. घोळणा फुटला तरी रक्त घशात उतरून तोंडातून येऊ शकते. खोकल्याबरोबर आलेले रक्त बहुधा लालभडक आणि फेसाळ असते, पोटातून आलेले काळपट आणि अन्न मिसळलेले. पण हे ओळखत बसणे आपले काम नाही. रक्त लागलेला फडका किंवा भांडे झाकून बरोबर न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता त्या लाल लघवीविषयी. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्याने लघवी, घाम, डोळ्यांतले पाणीसुद्धा लालसर-नारिंगी होते. ते रक्त नाही आणि उष्णताही नाही. ती औषधाच्या रंगाची खूण आहे. एवढे एक वाक्य त्या आजीला पहिल्या दिवशी कोणी नीट सांगितले असते, तर पाकीट डब्यात गेले नसते. गोळ्या देणाऱ्याने ते सांगायला हवे होते, आणि आम्हीही घरी जाऊन सांगायला हवे होते.

रक्त पडले तर घरात काय करायचे?

१. लगेच १०८ ला फोन करा. 'टीबीचे मूल आहे, खोकल्यातून रक्त पडते आहे' असे स्पष्ट सांगा. आपले मोडनिंब पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे. वस्तीतल्या एकाने रस्त्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवावी.

२. मुलाला उताणे झोपवू नका. थोडे पुढे वाकवून बसवा आणि रक्त भांड्यात थुंकू द्या, गिळू देऊ नका. बसवत नसेल तर कुशीवर झोपवा. आजार उजव्या फुफ्फुसात की डाव्या, हे डॉक्टरांनी सांगितले असेल तर आजाराची बाजू खाली ठेवा, म्हणजे चांगल्या फुफ्फुसात रक्त शिरत नाही.

३. खायला-प्यायला काही देऊ नका. सब्जा, गुलकंद, थंड दूध, लिंबूपाणी, काहीही नाही. पुढे भूल द्यावी लागली तर भरलेले पोट धोक्याचे ठरते.

४. छाती चोळू नका, शेकू नका, पाठीवर थापट्या मारू नका. खोकला दाबणारे औषध मनाने देऊ नका. अंगदुखीची ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी अजिबात नको, तिने रक्त वाहते राहते.

५. टीबीच्या गोळ्यांचे पाकीट, उपचाराचा कागद, जुने एक्स-रे, आधार कार्ड आणि रेशनकार्ड एका पिशवीत भरा. ही पिशवी टीबीचा रुग्ण असलेल्या प्रत्येक घरात आधीच भरून खुंटीला टांगलेली असावी.

६. घरातल्या मोठ्यांनी रडारड आवरावी. घाबरलेले मूल जोरात खोकते. आईने किंवा आजीने पाठीवर हात ठेवून 'हळूहळू श्वास घे, बाळा' एवढे म्हणत राहावे.

आणि सातवी गोष्ट, जी लिहायला आम्हाला संकोच वाटतो. देवऋषाकडे जाऊ नका. आपण १९५६ साली ते ओझे उतरवले. तरी रात्री दोन वाजता लेकराच्या तोंडातून रक्त आले की कोणीतरी कानात सांगते, 'करणी असेल, एकदा दाखवून तर बघा.' आम्ही त्या माणसाला दोष देत नाही, भीतीने माणूस तसे बोलतो. पण त्या एका फेरीत तास जातो, आणि लेकराकडे तो तास नसतो.

दवाखान्यात काय करतात?

आधी श्वास मोकळा ठेवतात, ऑक्सिजन देतात, रक्त चढवायची तयारी करतात. मग रक्त कुठून येते ते शोधायचे असते. साध्या एक्स-रेवर पोकळी दिसते, पण फुगा बहुतेक वेळा दिसत नाही. त्यासाठी शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करतात, त्याला सीटी अँजिओग्राफी म्हणतात. रक्त पडले आणि एक्स-रे 'जुनाच आहे' असे सांगितले गेले, तर नातेवाइकांनी नम्रपणे पण ठामपणे विचारावे, "डॉक्टर, रक्तवाहिन्यांचा सीटी करायला लागेल का?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

फुगा सापडला तर पूर्वी फुफ्फुसाचा तुकडा काढावा लागायचा. आता पुष्कळदा छाती न उघडता इलाज होतो. जांघेतल्या रक्तवाहिनीतून केसाळ दोऱ्यासारखी बारीक नळी वर नेतात आणि फुगलेल्या वाहिनीत धातूचे बारीक वेटोळे किंवा चिकट औषध सोडून ती वाट बंद करतात. रक्तवाहिनी अशी आतून बंद करण्याला एम्बोलायझेशन म्हणतात. ते जमले नाही तरच ऑपरेशन. आमच्या मुलीवर असाच नळीचा इलाज झाला.

ही सोय प्रत्येक गावात नसते. आपल्या जिल्ह्यासाठी पहिला मोठा आधार म्हणजे सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो. तिथून पुढे पाठवायची वेळ आली तर पुण्यात ससून आहे, मुंबईत केईएम आहे आणि परळलाच लहान मुलांचे वाडिया रुग्णालय आहे. 'पुढे न्या' म्हणाले तर चिठ्ठी लेखी घ्या आणि रुग्णवाहिका मागा. रक्त पडणाऱ्या लेकराला एस.टी.त बसवून नेऊ नका.

पैशांसाठी आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. तो योजनेतल्या रुग्णालयात बसलेला असतो. आपला इलाज योजनेत बसतो का आणि कोणते कागद लागतील, ते त्याच्याकडून समजून घ्या. दागिना गहाण टाकण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे.

गोळ्या सुटू देऊ नका

इलाज झाल्यावरही टीबीच्या गोळ्या चालूच राहतात. वाट बंद केली म्हणजे जंतू मेला असे नाही. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा आहे. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि मुलांचा डोस वजनावर ठरतो. वजन वाढले की डोस बदलतो, म्हणून दर महिन्याला वजन करा. कोर्स पूर्ण झाल्यावरही जुनी पोकळी राहू शकते आणि वर्षांनंतरही तिच्यातून रक्त येऊ शकते. 'टीबी तर बरा झालाय' म्हणून ते रक्त हलके समजू नये.

हा दुर्मीळ त्रास आकाशातून पडत नाही. तो रोजच्या ओळखीच्या गोष्टींतून तयार होतो: उशिरा झालेली तपासणी, मध्येच सुटलेल्या गोळ्या, अर्धपोटी लेकरू आणि लपवलेला आजार. फुगा बंद करायला मोठा डॉक्टर लागतो. या चार गोष्टी मात्र वस्तीतच थांबवता येतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा ताप, वजन न वाढणे, मानेत गाठ, घरात कोणाला टीबी असणे. यातले काही असेल तर तपासणी करा. मूल थुंकी काढू शकत नसेल तर सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातला द्राव घेतात, कारण गिळलेला बेडका तिथेच असतो. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे काही तासांत कळते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे यंत्र आहे. जन्मतःच दिलेली बीसीजी लस मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून बाळाला जपते, पण फुफ्फुसाच्या टीबीची पूर्ण हमी देत नाही. घरात मोठ्या माणसाला टीबी निघाला की सगळ्यांची तपासणी करून घ्या. आजार नसला तरी पाच वर्षांखालच्या लेकरांना आणि घरातल्या इतरांनाही प्रतिबंधक गोळ्या मिळतात. त्या मागून घ्या.

खाण्याचेही तसेच आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ देऊन पाहिले. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. २०२३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंडे, शेंगदाणे, डाळ, ज्वारीची भाकरी, दूध हे सगळे औषधाबरोबरचे औषध आहे. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यावर नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये येतात. आले नसतील तर बँक पासबुक घेऊन आरोग्य केंद्रात विचारा, किंवा १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

लपवू नका, वाळीत टाकू नका

टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. आजारी मुलीचा पेला वेगळा ठेवून काही साधत नाही. खिडकी उघडी ठेवणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे आणि गोळ्या नेमाने घेणे, यानेच पसरणे थांबते. वेगळा पेला म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो सोसला आहे. तोच पेला आपण आपल्या लेकीपुढे ठेवायचा का?

भगवान बुद्धांची एक कथा विहारात पुष्कळदा सांगितली जाते. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आणि आनंदाने स्वतः पाणी आणून त्याला धुतले, उचलून नीट झोपवले, आणि मग संघाला आजाऱ्याची सेवा करण्याची शिकवण दिली. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत प्राण दिले. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव जगले. लेकरू हातातून जाणे म्हणजे काय, हे आपल्या चळवळीच्या पहिल्या घराला माहीत होते. आज औषध मोफत आहे, गाडी एका फोनवर येते. तरी लेकरू गेले तर ते कशामुळे गेले, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

ती मुलगी आता पुन्हा शाळेत जाते. कोर्स पूर्ण झाला आहे. गोळ्यांचे शेवटचे पाकीट संपले त्या दिवशी आजीने आम्हाला बोलावून चहा पाजला. म्हणाली, "सिस्टर, मला त्या लाल लघवीचं कुणी सांगितलंच न्हवतं. आता मी साऱ्या गल्लीला सांगते." ती खरोखरच सांगते. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायकांना थांबवून घेते आणि विचारते, "कुणाच्या घरी खोकल्याचं लेकरू हाय का?"

आपल्या वस्तीतल्या विहारातही कोणीतरी हे विचारावे, एवढी आमची विनंती आहे. आणि उत्तर 'हो' आले, तर त्याच दिवशी त्या लेकराला घेऊन दवाखान्यात जावे.

नमो बुद्धाय! जय भीम!